सुपातलं लेकरू

या, अंमळ पुढं सरका. भिंतीला टेकलेली मंडळी, तुम्हीसुद्धा या. टाळ खाली ठेवा, आजचं सांगणं हलक्या आवाजातलं आहे. करडी गावच्या पुंडलिकरावांच्या घरात एक माउली त्रेसष्ट वर्षं एक गोष्ट पोटात घेऊन वावरली. वकिलाकडे जायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलता सोलता ती तिच्या तोंडून कशी निसटली, ते ऐका.

पुंडलिकराव वारले त्याला दीड वर्ष झालं होतं. मागे त्यांची पार्वताबाई, वय चौऱ्याऐंशी, आणि दोन मुलगे. थोरले आनंदराव घरी राहून धान करणारे. धाकटा चंद्रकुमार जवाहरनगरच्या क्वार्टरात राहणारा, फॅक्टरीच्या बसनं ड्यूटीवर जाणारा, दर दिवाळीला आईला घेऊन जाणारा. मंगळवारी पोस्टमननं आनंदरावांची सही घेऊन एक लिफाफा दिला आणि तेव्हापासून घराचा आवाज बसला. धाडणारा चंद्रकुमारच होता. त्याच्या वकिलानं लिहिलं होतं, की मयत पुंडलिकराव यांचे वारस दोनच, पत्नी पार्वताबाई आणि मुलगा चंद्रकुमार. आनंदराव हे तेजराम नावाच्या इसमाचे पुत्र असून बोडीखालच्या, म्हणजे लहान तळ्याखालच्या, साडेतीन एकर धानाच्या बांध्यांवर त्यांचा कसलाही हक्क पोचत नाही. सोबत गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरचा उतारा जोडला होता. सन एकोणीसशे अडुसष्ट, विद्यार्थी आनंदा, वडिलांचे नाव तेजराम.

चंद्रकुमारनं हा कागद मुद्दाम उकरला असंही नाही. त्याच्या मुलाला, मोनूला, जातीचा दाखला पडताळून घ्यायचा होता. त्याला घराण्याच्या जुन्या नोंदी लागतात. म्हणून पोरगा शाळेत गेला, मोठेबाबांची, म्हणजे आनंदरावांची, नोंद काढली, आणि तीत आजोबांच्या जागी भलतंच नाव पाहून उतारा घेऊन बापाकडे आला. कागद आधी सापडला, लोभ मागून आला.

आनंदरावांनी नोटीस तीनदा वाचली. बोडीचं पाणी सोडलं की ते कोणत्या बांधीत आधी भरतं आणि कुठल्या धुऱ्याशी अडतं, हे ते डोळे मिटून सांगत. त्या बांध्या आपल्या नाहीत, इतकंच असतं तर त्यांनी शिवी हासडली असती. पण आपण या घरचेच नाही, हे वाचून ते चार दिवस नीट जेवले नाहीत.

खरं तर घाबरायचं कारण नव्हतं, असं घरातल्या सगळ्यांना वाटत होतं. त्या नावाचा उलगडा गावाला ठाऊक होता. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, त्या घरी जन्मलेलं पोर परक्याला विकायची रीत आहे आपल्याकडे. घेणारा उंबऱ्याबाहेर नवं सूप धरून उभा राहतो, आई पोर त्या सुपात ठेवते, आणि मग त्याला सूपभर धान देऊन आपलंच पोर परत घेते. सटवाई पुन्हा आली तरी तिला कळावं, की हे लेकरू या घरचं नाहीच. पार्वताबाईंची पहिली दोन गेली होती, म्हणून तिसऱ्या खेपेला आनंदाला शेजारच्या तेजरामला विकलं, अशी घरातली कथा होती. लहानपणी गाव त्यांना ‘सुपातला आनंदा’ म्हणे. तेजराम एकटा जीव, दुसऱ्याची बांधी अर्ध्यानं कसणारा. तो वारला तेव्हा त्याला अग्नीही आनंदरावांनीच दिला होता. विकत घेणाऱ्याचा तेवढा मान असतो.

"वकिलाले दोन मिन्टाचं काम आहे," आनंदरावांचा मुलगा भोजराज म्हणत होता. "रीत होती म्हणून सांगाचं. रजिस्टरात चुकून ते नाव पडलं. झालं."

सोमवारी अकरा वाजता भंडाऱ्याला जायचं ठरलं. वकीलसाहेबांनी फोनवर सांगितलं होतं, की पहिल्याच भेटीत अर्धा वेळ कागद शोधण्यात घालवू नका. सातबारा, फेरफार, मृत्यूचा दाखला, वंशावळ सगळं लावून आणा. एका पानावर तारीखवार काय घडलं ते लिहा. आणि शेवटी एका ओळीत लिहा, की तुम्हाला नेमकं काय हवंय.

हे काम आलं शुभांगीकडे, भोजराजच्या बायकोकडे. तिचे वडील साकोलीला तहसिलीबाहेर टेबल टाकून बसणारे अर्जनवीस. तीस वर्षं लोकांची गाऱ्हाणी त्यांनी सरकारी भाषेत बसवली होती. पोरगी शाळा सुटल्यावर त्यांच्या टेबलाखाली बसून अभ्यास करी, तेव्हा त्यांचं एक बोलणं तिच्या कानात राहिलं होतं. आपल्या विरुद्धचा कागद फायलीत सगळ्यात वर ठेवायचा. वकिलाला तो आपल्या हातून दिसला पाहिजे, समोरच्याच्या नाही.

म्हणून रविवारी जेवणं आटोपल्यावर ती ओसरीत सतरंजीवर कागद मांडून बसली, आणि शाळेचा तो उतारा तिनं सगळ्यात वर ठेवला. भोजराजनं तो उचलून खाली घातला. तिनं पुन्हा वर ठेवला. अंगणात कापलेल्या धानाची पुंजणी रचलेली होती, उन्हात पेंढ्यांचा वास सुटला होता. पार्वताबाई खाटेवर बसून शेंगा सोलत होत्या. खाली त्यांची सून सुलोचनाबाई, म्हणजे आनंदरावांची बायको, विळीवर वांगी चिरत होत्या, आणि आनंदराव खांबाला टेकून बसले होते.

सुलोचनाबाईंचं चार दिवस एकच चाललं होतं. दिवाळीत सासूबाई क्वार्टरावर पंधरा दिवस राहून आल्या, नवं लुगडं घेऊन आल्या, आणि महिन्याच्या आत नोटीस आली. हे त्या सासूला तोंडावर बोलत नव्हत्या. वांग्याला बोलत होत्या. लुगडं भारी दिसते, रंग कोणी निवडला म्हणावं.

त्या शेवटच्या ओळीवरूनही सकाळी वाजलं होतं. काय हवंय? भोजराज म्हणाला, साडेतीन एकर, सातबाऱ्यावर बाबांचं नाव. सुलोचनाबाई म्हणाल्या, चंद्रकुमारनं येऊन पाय धरावे. आनंदराव काही म्हणाले नाहीत. ओळ कोरी राहिली होती.

शुभांगीचं तारीखवार टाचण बरंच झालं होतं, पण पहिलीच रेघ अर्धी होती. आनंदराव यांचा जन्म, सन एकोणीसशे बासष्ट. कुठे, कोणासमक्ष? साक्षीदार कोण, हे वकील पहिल्यांदा विचारणार हे तिला ठाऊक होतं. तिनं पेन हातात धरून सहजच विचारलं, की आजी, सुईण कोण होती?

"मेली ते," पार्वताबाई म्हणाल्या. "साऱ्याच मेल्या."

"बरं, सुपाचं तरी सांगा. कोणता दिवस, कोणाच्या दारात, कोण कोण उभं होतं?"

पार्वताबाईंनी शेंग फोडली, दाणे पदरात टाकले. म्हाताऱ्या माणसाला जुनं विचारलं की चेहरा जसा मऊ होतो, तसा त्यांचा झाला. "पाचवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. तेजरामच्या दारात. सकाळची वेळ. नवं सूप होतं, कोरं. माह्या हातात त्याचा काठ टोचत होता, अजून याद आहे."

विळी थांबली.

"सूप तुमच्या हातात?" सुलोचनाबाईंनी मान वर केली. "सूप तर घेणाऱ्याच्या हातात राहते, आई. आमच्या माहेरी माह्या भावाले असंच विकलं, मी जवळ उभी होती. देणाऱ्याच्या हातात लेकरू राहते. अन तेजरामच्या दारात कायले? दार तर मायचं पाहिजे."

भोजराज हसला, म्हातारपणी सूप काय आणि टोपलं काय, म्हणाला. त्याच्या हसण्याला कोणी साथ दिली नाही. पार्वताबाईंच्या हातातली शेंग अर्धी उघडी तशीच राहिली होती. त्या सुनेकडे पाहत नव्हत्या. त्या आनंदरावांकडे पाहत होत्या.

"माय?" आनंदराव म्हणाले.

"घेणारी मीच होती, आनंदा."

शुभांगीच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. तिथं शाईचा गोल डाग पडत गेला, आणि तो पाहूनही तिला पेन उचलता येईना. हे ऐकलं ते खरंच ऐकलं का, असं वाटून तिनं सासूकडे पाहिलं. सुलोचनाबाईंचं तोंड उघडंच होतं.

मग पार्वताबाईंनी सांगितलं. न रडता, न थांबता, कुणी पोथी उघडून वाचावी तसं. तिसऱ्या खेपेला त्यांना मुलगी झाली होती. ती तिसऱ्या दिवशी गेली. त्याच आठवड्यात तेजरामची बायको बाळंत झाली, आणि रक्त थांबेना म्हणून बैलगाडीत घालून भंडाऱ्याला नेता नेता वाटेतच संपली. तेजराम पाच दिवस त्या पोराला कापसाच्या वातीनं शेळीचं दूध पाजत बसला. इकडे पार्वताबाईंना पान्हा आवरेना, ताप चढलेला. शेवटी पुंडलिकरावच म्हणाले, चल. नवं सूप घेऊन दोघं तेजरामच्या उंबऱ्याशी उभी राहिली. तेजरामनं आपल्या हातानं पोर सुपात ठेवलं. बदल्यात दिलेलं सूपभर धान त्यानं घरात नेलं नाही, अंगणात चिमण्यांपुढं ओतलं.

पुढं गावानं ती गोष्ट उलटी करून सांगितली. पार्वताचंच पोर, तेजरामला विकलं आणि परत घेतलं. पोराला कोणी बिनमायचं म्हणू नये म्हणून. करडी तेव्हा लहान होतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी देवळात शपथेचं तुळशीचं पान उचललं. आणि भल्या माणसांनो, नवल ऐका. बांधावरून भांडणं झाली, पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटली, पण त्या पिढीतल्या एकाच्याही तोंडून ते कधी निसटलं नाही. सगळे ते पान सांभाळत सांभाळत गेले.

"मंग शाळेत त्याचं नाव कसं लागलं?" भोजराजनं विचारलं. त्याचा आवाज त्याचा वाटत नव्हता.

इथवर न अडखळता सांगणाऱ्या पार्वताबाई आता अडखळल्या.

"हा सहा वर्षांचा झाला तवा तेजराम दारात आला. म्हणे, वहिनी, पोराले शाळेत मी नेऊ का. मास्तर बापाचं नाव विचारीन. एक डाव माह्यं सांगू का? मंग जलमात कधी काही मांगणार नाही." त्यांनी पदरातले दाणे मुठीत घेतले, सोडले. "मी हो म्हटलं. तुह्या आज्याले सांगतलं नाही. त्या माणसाचं सारं घेतलं होतं मी. एका नावाले नाही कशी म्हणू?"

आनंदराव उठले. खुंटीवरचा दुपट्टा घ्यायला गेले, घेतला नाही, आणि तसेच अंगणात जाऊन पुंजण्याकडे तोंड करून उभे राहिले. चंद्रकुमारला वाटत होतं, आपण एक खोटा कागद हत्यार म्हणून उचलला. तो खरा निघाला होता, आणि हे त्यालाही माहीत नव्हतं.

आता पाहा, माणसाचं मन कसं वळतं. चार दिवस लुगड्यावरून टोचणाऱ्या सुलोचनाबाई उठल्या, हात पुसले, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच सासूच्या खाटेवर, सासूला खेटून बसल्या. सासूचा हात हातात घेतला. कोणी जिवंत नाही, म्हणाल्या. तुम्ही आजवर जे सांगत आल्या तेच सांगा. माह्या पोटचा आहे, एवढं म्हणा. भोजराज दुसऱ्या बाजूला बसला. त्याचंही तेच. शुभांगीनं लिहिलं ते पान फाडायचं, दुसरं लिहायचं.

"सांगीन," पार्वताबाई म्हणाल्या. "जजसमोर गीतेवर हात ठेवून सांगीन. इतके वर्षं देवासमोर सांगतलंच ना."

शुभांगी म्हणाली, की वकिलाला तरी खरं सांगावं लागेल. तो आपला माणूस, त्याच्यापाशी बोललेलं बाहेर जात नाही. अर्धवट सांगितलं आणि उद्या समोरच्यानं दुसरा कागद काढला, तर तो आपल्याला वाचवू शकणार नाही.

"तू साकोलीची," भोजराज म्हणाला. "तुह्या बापाची बांधी नाही जाऊन राहिली."

हे तिला लागलं. पण ती उठून गेली नाही. तिनं पार्वताबाईंना विचारलं, की पोर तेजराम आजोबांनी स्वतःच्या हातानं दिलं, पुंडलिक आजोबा तिथं हजर होते, आणि चंद्रकुमार काका त्यानंतर पाच वर्षांनी झाले, हे नक्की ना? पार्वताबाईंनी मान हलवली. शुभांगीनं ते तसंच उतरवून घेतलं. दत्तकाच्या कागदांत वडील ‘देणे व घेणे’ असे दोन शब्द नेहमी लिहीत, एवढं तिला आठवत होतं. सुपातलं देणं-घेणं कायद्यात बसतं की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. उगाच आशा लावायची नाही म्हणून ती बोलली नाही. वकिलाला विचारायचं म्हणून समासात फुली केली.

आनंदराव परत आले. डोळे कोरडे होते, पण चेहरा आजारातून उठलेल्या माणसासारखा. ते आईसमोर जमिनीवर बसले.

"तेजरामकाकाले मी आग देली. तवा तुले काय वाटलं?"

"वाटलं, आता सांगून टाकावं. मंग वाटलं, पोरगं करून तर राहिलं आहे जे कराचं ते." पार्वताबाईंनी पहिल्यांदा पदर डोळ्याला लावला. "जन्माष्टमीच्या कीर्तनात सारे देवकी-यशोदेपायी रडतात. मले ते यशोदेची पोरगी याद येते. बदल्यात गेली ते. तिच्यापायी कोणीच नाही रडत. मले वाटे, माही पोरगी गेली म्हणून तू आला. असं कोणाले सांगू?"

मग आनंदराव शुभांगीकडे वळले. "लिही. माय बोलली तसं, सारं."

भोजराज उसळला. शेत जाईल, म्हणाला, हातानं दान करून राहिले तुम्ही. आनंदरावांनी त्याला बोलू दिलं. पुरतं बोलून झाल्यावर म्हणाले, "जाईन तर जाईन. दुसऱ्याची बांधी करू, तेजरामनं जलमभर केली. हिनं या वयात कठड्यात उभं राहून खोटं बोलावं, अन मी ते खाली बसून ऐकावं, हे माह्यानं होणार नाही."

शुभांगीनं लिहिलं. सुलोचनाबाई सासूच्या बाजूनं उठल्या नाहीत, पण फाडा म्हणणंही थांबलं. पान भरत आलं, तशी ती शेवटची कोरी ओळ आली. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं, आणि त्यांनी या वेळी विचार करायलाही वेळ घेतला नाही.

"लिही. मी पुंडलिकचा पोरगा हावो का नाही, ते कायद्यानं सांगावं. पार्वताचा हावो, ते कोणाले विचाराचं नाही."

पार्वताबाईंनी हात पुढं केला, तो आनंदरावांच्या डोक्यापर्यंत पोचला नाही, कानावर पडला. तसाच राहिला.

वंशावळ उरली होती. शुभांगीनं नवा कागद घेतला, वर पुंडलिकराव आणि पार्वताबाई लिहिलं, बाजूला तेजराम लिहिलं, आणि त्याच्या बायकोच्या जागी थांबली. तिनं विचारायच्या आधी आनंदरावांनीच विचारलं, अगदी हळू, आईला वाईट वाटेल म्हणून भीत भीत.

"माय, तिचं नाव काय होतं?"

पार्वताबाईंच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते शुभांगीला सांगता आलं नसतं. त्रेसष्ट वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. "भागरथा," त्या म्हणाल्या. "माह्याहून दोन वर्षांनी लहान. धानाच्या रोवणीच्या पातीत साऱ्यांहून पुढं राहे, अन गाणं तिनंच उचलाचं. मेली तवा तिच्यापायी कोणी धड रडलं नाही. सारे पोरगं जगते का ते पाहून राहिले होते."

माहेर कोणतं, वडिलांचं नाव काय, हे पार्वताबाईंना आठवेना. खूप आठवून पाहिलं. मग शुभांगीनं तेजरामशेजारी लिहिलं, भागरथा, मृत्यू एकोणीसशे बासष्ट, आणि गावाची जागा मोकळी ठेवली.

तर माउलींनो, उठण्याआधी एवढं एक मागणं. पुंडलिकरावांना गाव आठवतं, पार्वताबाईंच्या पायांवर पुढं नातवंडं-पतवंडं डोकं ठेवतील, तेजरामचं नाव निदान शाळेच्या रजिस्टरात तरी आहे. भागरथेचा कुठं फोटो नाही, दाखला नाही. वीस वर्षांचीसुद्धा नव्हती, आणि भंडाऱ्याच्या वाटेवर बैलगाडीत तिनं प्राण सोडला तेव्हा आपलं लेकरू जगेल की नाही, हे तिला कळलं नव्हतं. पुढच्या रोवणीला बायकांनी गाणं उचललं आणि तुम्ही त्या बांधीजवळून जात असलात, तर अंमळ थांबा, आणि तिला आठवा.